पंचांच्या कानाशी

"सर, त्यांच्या अकरा नंबरकडं जरा लक्ष असू द्या. हात लावतो लई."

सामना सुरू व्हायला अजून वीसेक मिनिटं होती. जालन्यातल्या एका शाळेचं मातीचं बास्केटबॉल कोर्ट, चुन्याच्या रेघा नुकत्याच मारलेल्या, एका रिंगला जाळी आणि दुसरी नुसतीच कडी. जाळी नसली की चेंडू कडीतून पडला का कडीच्या बाहेरून, यावरही भांडणं होतात, म्हणून मी त्या रिंगखाली उभं राहून नजर बसवत होतो. तेवढ्यात खेळणाऱ्या एका शाळेचे सर कागदी कपातला चहा घेऊन आले आणि बोलता बोलता वरचं वाक्य टाकून गेले. सर माझ्या चांगल्या ओळखीचे. आदल्या वर्षी तालुक्याच्या कबड्डीला शिट्टी त्यांच्या तोंडात होती आणि मैदानात माझ्या शाळेची पोरं होती.

सामना सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला मी अकरा नंबरला फाउल दिला. फाउल होता का? मला तेव्हा होता असं वाटलं आणि आजही वाटतं. पण तोच हात दहा नंबरनं लावला असता तर माझी शिट्टी वाजली असती का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. त्या पोराला तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाचवा फाउल मिळाला आणि तो बाहेर गेला. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी स्कोअरशीटकडं पाहिलं.

प्रशिक्षक पंचांवर दबाव कसा आणतात, असं कुणाला विचारलं की डोळ्यांपुढं ओरडणारा माणूस उभा राहतो. साइडलाइनवर थयथयाट करणारा, टॉवेल आपटणारा, गळ्याच्या शिरा फुगवणारा. या माणसाच्या दंतकथाही भरपूर. इंडियाना विद्यापीठाच्या बॉब नाइट यांनी 23 फेब्रुवारी 1985 ला पंचांवर चिडून बाकावरची खुर्ची उचलली आणि सरळ कोर्टवर भिरकावली. ती चित्रफीत अजून लोक हौसेनं बघतात. बोस्टन सेल्टिक्सचे रेड ऑवरबाख तर 1967 च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे ज्याच्या निकालाला कवडीचीही किंमत नसते अशा सामन्यात, पंचांशी हुज्जत घालून बाहेर काढले गेले. आपल्याकडंही प्रत्येक जिल्ह्यात असे दोन-तीन सर असतातच. त्यांचा सामना असला की बाकीच्या शाळांची पोरं खेळ सोडून त्यांनाच बघायला जमतात.

मी पंचवीसेक वर्षं कधी प्रशिक्षक म्हणून, कधी पंच म्हणून या मैदानांवर उभा राहिलो आहे. माझं मत असं बनलं आहे की ओरडणाऱ्याचा आपण उगाच बाऊ करतो. तो परवडतो. चहा घेऊन येणारा परवडत नाही. आणि आपले नियम, आपली शिस्त, आपल्या शिक्षा सगळ्या ओरडणाऱ्यासाठी केलेल्या आहेत.

आधी ओरडण्याचं शास्त्र समजून घेऊ, कारण त्यात शास्त्र आहे. दिलेला फाउल पंच परत घेत नाही, हे चौदा वर्षांखालच्या पोरालाही माहीत असतं. मग चाळिशीचा माणूस घसा का फोडतो? पुढच्या शिट्टीसाठी. आत्ताचा निर्णय गेला तो गेला. पण पंचाच्या मनात एक बारीक उधारी तयार झाली तर पुढच्या पाच मिनिटांत ती वसूल होऊ शकते. मी स्वतः हे केलेलं आहे, त्यामुळं ऐकीव सांगत नाही. सगळ्यांत हमखास चालणारं वाक्य म्हणजे, "सर, फाउल बघा. आमचे चार, त्यांचा एक." यात शिवी नाही, आरोप नाही, आकडा तर टेबलवरच्या कागदात लिहिलेलाच आहे. बास्केटबॉलमध्ये दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून हा आकडा सगळ्यांच्याच डोक्यात टिकटिकत असतो. पण आमचे चार का झाले? आमची पोरं खरंच जास्त धसमुसळी खेळत असतील, हे त्या वाक्यात येत नाही. फाउल दोन्हीकडं सारखेच व्हायला हवेत, जणू वाटणीच्या जमिनीसारखे, असं एक गृहीत त्यात लपवलेलं असतं आणि पंच ते न तपासता गिळतो.

गिळतो हे मी अंदाजानं म्हणत नाही. अँडरसन आणि पिअर्स या दोन अमेरिकी संशोधकांनी 2004-05 च्या हंगामातले कॉलेज बास्केटबॉलचे 365 सामने तपासले. दोन संघांच्या फाउलमधला फरक जितका मोठा, तितकी पुढचा फाउल कमी फाउलवाल्या संघावर पडण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. हे पंच शाळेच्या पोरांना शिट्टी वाजवणारे नव्हते. प्रशिक्षित, पगारी, टीव्हीसमोर उभे राहणारे होते. त्यांच्याही मनात कुठंतरी तराजू लटकत होता. दोन्ही पारडी सारखी करणं हा पंचाच्या हातून होणारा सगळ्यांत सभ्य अन्याय आहे. त्याला स्वतःला तो न्यायच वाटतो.

दुसरा एक प्रयोग फुटबॉलमधला आहे, पण बास्केटबॉलच्या कुणाही पंचाला तो आपलाच वाटेल. इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 पात्र पंचांना एकाच सामन्यातल्या 47 झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, काहींना आवाज बंद करून. गोंगाट ऐकणाऱ्यांनी घरच्या संघावर 15.5 टक्के कमी फाउल दिले. 2002 साली हे प्रसिद्ध झालं. मला यातली खरी गोम अशी वाटते की गोंगाटामुळं त्यांनी पाहुण्यांवर जास्त फाउल दिले नाहीत. घरच्यांच्या बाबतीत ते नुसते गप्प राहिले. म्हणजे दबावाखाली पंच खोटी शिट्टी वाजवत नाही; खरी शिट्टी तोंडातच ठेवतो. न वाजलेल्या शिट्टीची नोंद कुठल्याच स्कोअरशीटवर होत नाही.

मग प्रशिक्षकाला हवं असतं तरी काय? माझ्या अनुभवात, पंचाची नजर. शालेय सामन्याला दोन पंच असतात. एखाद्याची एसटी चुकली तर एकच. कोर्टवर दहा पोरं. चेंडू एकीकडं, ढकलाढकली भलतीकडं. एका माणसाला एका वेळी एकच ठिकाण दिसतं. बाकावरून सगळी राखीव पोरं "तीन! तीन!" असं ओरडायला लागली की पंच रिंगखालच्या चौकटीत थांबलेल्या खेळाडूचे सेकंद मनात मोजू लागतो. तीन सेकंदांचा नियम दोन्ही बाजूंना सारखाच आहे, पण मोजणी एकाच टोकाला सुरू होते. निर्णय फिरवायची गरजच पडत नाही. नजर वळवली की पुरतं.

आणि स्तुती. "मस्त कॉल, सर!" हे वाक्य आपल्या बाजूनं निर्णय लागल्यावर कुणीही म्हणेल. मुरलेला प्रशिक्षक ते आपल्या विरुद्ध गेलेल्या, पण उघडउघड बरोबर असलेल्या निर्णयावर म्हणतो. त्या एका वाक्यानं तो पंचाच्या लेखी 'समंजस माणूस' होतो. पुढं चौथ्या क्वार्टरमध्ये हाच समंजस माणूस नुसता कपाळाला हात लावतो, तेव्हा पंचाच्या पोटात कालवतं. ओरडणाऱ्याला हे कधी साधत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं येतो. जालना जिल्ह्याचे आठ तालुके. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात; 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. कबड्डी, खो-खोला संघांची झुंबड असते. बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळा त्या मानानं थोड्या, आणि नियम नीट माहीत असलेले शिक्षक त्याहून थोडे. त्यामुळं आज जो पंच, तो उद्या प्रशिक्षक. आज माझ्या पोरांना तो शिट्टी मारणार, परवा त्याच्या पोरांना मी. दोघं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, दोघांच्याही सेवापुस्तिका एकाच शिक्षण विभागाच्या कारभारात अडकलेल्या. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षकाला पंचाशी संबंध जोडायला सामन्यातले अडीच तासच मिळतात, म्हणून तिथं तो साइडलाइनवरून बोलतो. आमच्याकडं अख्खं वर्ष मिळतं. मग साइडलाइनवर ओरडायचं कशाला?

यात शब्दाचाही थोडा दोष आहे असं मला वाटतं. मराठीत आपण रेफरीला पंच म्हणतो. कबड्डीत तर मुख्य पंचाला सरपंचच म्हणतात. हा शब्द गावकीतून आला. गावचा पंच हा सगळ्यांना ओळखणारा माणूस, आणि ओळखतो म्हणूनच त्याला नेमलेला. बांधाच्या भांडणात दोन्ही पक्ष त्याला आधी घरी जाऊन भेटत, आपापली बाजू सांगत. त्यात कुणाला गैर वाटत नसे, कारण त्यानं कायदा लावणं अपेक्षितच नव्हतं. त्यानं मिटवणं अपेक्षित होतं. थोडं याचं, थोडं त्याचं. बास्केटबॉलचा रेफरी हा मुळात वेगळा प्राणी. तो परका असावा, त्यानं समोरच्याचं नाव-गाव न बघता फक्त हात आणि पाय बघावेत, अशा कल्पनेतून तो घडला. आपण त्या परक्या माणसाला जुनं नाव दिलं आणि नावाबरोबर जुनी अपेक्षाही आली. 'जरा बघा' म्हणणाऱ्या सरांना आपण काही वावगं करतोय असं खरंच वाटत नव्हतं. ते पंचाला भेटायला आले होते.

कुस्तीत हे जुना आणि नवा पंच एकमेकांवर आदळलेले आपण सगळ्यांनी पाहिले. डिसेंबर 2018 मध्ये जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफीक शेखनं आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला अंतिम लढतीत 11-3 असं हरवलं. मी त्या गर्दीत होतो. आठ गुणांचा फरक पडला की पंच कोण होता हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. घरी जाताना सगळे डावांवरच बोलत होते. पण फरक बारीक असला की मैदानातला पंच गावभर होतो. पुण्यात जानेवारी 2023 मध्ये माती विभागातल्या सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत टांगेच्या डावाला चार गुण दिले गेले, आणि ते रास्त होते का यावर पुढचे कित्येक दिवस राज्यातला प्रत्येक पानठेला वाद घालत होता. एका पंचाला फोनवर धमकावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. आणि 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला तर कडेलोट झाला. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. हुज्जत वाढत गेली आणि त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून लढत अर्धवट सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि दोघा पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर हात टाकणं समर्थनीय नाही, त्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही. मला त्या संध्याकाळची दुसरीच गोष्ट खटकत राहिली. जुन्या जत्रेच्या कुस्तीत पाठीला लागलेली माती हीच साक्ष असायची. हरलेला पैलवान उठला की त्याची पाठ हजार माणसं वाचायची. वस्तादाला बोलायला जागाच नसायची. गादीवर पाठीला काही चिकटत नाही. साक्ष गेली, तिच्या जागी पंचाची नजर आली, आणि नजरेवर आक्षेप घ्यायचा कसा याची रीत मात्र आपल्या अंगवळणी पडली नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वस्तादाजवळ स्पंजचा एक ठोकळा असतो. निर्णय पटला नाही की तो गादीवर टाकायचा, मग लढत थांबवून चित्रफीत बघतात. दावा फेटाळला गेला तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा आक्षेपाचा हक्क उरत नाही. मोठी शहाणी रीत आहे ही. ओरडण्याला तिनं वस्तूचं रूप दिलं आणि किंमत लावली. पण चितपटीच्या निर्णयावर हा ठोकळा चालत नाही. मॅट चेअरमननं खात्री केल्याशिवाय चितपट जाहीरच होत नाही, म्हणून ती अंतिम मानतात. म्हणजे सगळ्यांत मोठ्या निर्णयावर दाद मागायची वाट बंद. बंद वाटेसमोर माणूस काय करतो, हे अहिल्यानगरला दिसलं.

इथं माझा एक वकील मित्र मला नेहमी अडवतो. तो म्हणतो, "प्रशिक्षक हा खेळाडूंचा वकीलच ना? मग त्यानं न्यायाधीशापुढं युक्तिवाद केला तर तुमच्या पोटात का दुखतं?" मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्याला मी उलट विचारतो, तू न्यायाधीशाच्या घरी चहा घेऊन जातोस का? वकिलाचा युक्तिवाद चालतो, कारण समोरचा वकील तिथंच बसलेला असतो आणि शब्द न् शब्द ऐकत असतो. तो खोडू शकतो. जो युक्तिवाद समोरच्याला ऐकू येत नाही त्याला कोर्टात वेगळं नाव आहे.

हीच कसोटी मी मैदानाला लावतो. प्रशिक्षकानं पंचाला काय सांगितलं, किती सांगितलं, कोणत्या सुरात सांगितलं, हे सगळं दुय्यम. समोरच्या बाकावरच्या प्रशिक्षकाला ते ऐकू गेलं का, एवढंच बघावं. ऐकू गेलं तर तो लगेच म्हणेल, "अहो, तुमचे चार झाले कारण तुमची पोरं धक्के देतायत!" हिशेब फिटला. पंचाच्या कानात दोन्ही बाजू पडल्या, आता त्याचं तो बघेल. या कसोटीवर गळा काढून ओरडणारे सर सहज पास होतात. त्यांचं बोलणं अख्ख्या मैदानाला, कुंपणापलीकडच्या रसवंतीलाही ऐकू जातं. नापास होतात ते चहावाले सर.

नियमांनी मात्र उलटं केलं आहे. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे फिबाच्या नियमांप्रमाणं एका वेळी एकाच प्रशिक्षकानं उभं राहायचं, तेही बाकाच्या हद्दीत. टेबलवर माहिती विचारायची ती चेंडू थांबलेला आणि घड्याळ बंद असताना, सभ्यपणे. पंचाशी बोलायचं ते कर्णधारानं, तेही माहिती घेण्यापुरतं. मर्यादा सोडली तर टेक्निकल फाउल. समोरच्याला एक फ्री थ्रो. स्वतःच्या वागण्यापायी दोन टेक्निकल पडले की प्रशिक्षक मैदानाबाहेर. हे सगळं ठीकच आहे, सामना चालवायला काहीतरी शिस्त लागते. पण ही सगळी शिस्त पहिल्या चेंडूपासून शेवटच्या भोंग्यापर्यंतची. त्याआधीच्या वीस मिनिटांचं काय? कागदी कपाला टेक्निकल नाही.

याचा फटका कुणाला बसतो ते मी एकदा फार जवळून पाहिलं. मंठ्याकडच्या एका शाळेचा नवा संघ आला होता. बरोबर आलेला शिक्षक तासिका तत्त्वावरचा, वय चोविसेक, पायात पोरांसारखेच कॅनव्हासचे बूट. मैदानावर त्याला ओळखणारं कुणीही नव्हतं. समोर जिल्ह्यातली मातब्बर शाळा, तिचे सर सगळ्यांचे सर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्या शिक्षकाच्या संघातल्या मुलाला हवेत असताना कोपर लागलं, ओठ फुटला, शिट्टी वाजली नाही. तरुण शिक्षक ओरडला. पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा त्याचा पाय रेषेच्या आत पडला आणि टेक्निकल मिळालं. समोरचे सर खुर्चीत मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. सामना संपल्यावर शिट्टीवाला पंच, जो त्या दिवशी मी नव्हतो एवढंच माझं नशीब, मला म्हणाला, "आजकालच्या पोरांना संस्कार नाहीत. सरांकडं बघ, एक शब्द बोलले नाहीत."

त्यांना बोलायची गरजच नव्हती. त्यांचं बोलून झालेलं होतं, गेली वीस वर्षं.

ओरडणं हे ओळख नसलेल्याचं हत्यार आहे. त्यामुळं 'प्रशिक्षकांनी तोंड बंद ठेवावं' असं कुणी पावित्र्यानं सांगू लागलं की मला शंका येते. सगळ्यांचं तोंड बंद केलं की ज्यांचे कान आधीच भरून झालेत त्यांचाच फायदा होतो. मुलींच्या संघांबरोबर येणाऱ्या बाईंच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. पुरुष सर ओरडले की 'तळमळीचे', बाई ओरडल्या की 'भांडखोर'. आणि सामन्याआधीच्या त्या चहाच्या घोळक्यात बाई बहुधा नसतातच.

कुणी म्हणेल, शाळेच्या पोरांच्या सामन्याचं एवढं काय घेऊन बसलात. पण या सामन्यांना आता नुसता चषक लागलेला नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पुढं शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. वरच्या पायरीवर चढायचं तर आधी खालची पायरी जिंकावी लागते, आणि ती कधी कधी एका फ्री थ्रोवर लटकलेली असते. मैदानाच्या कडेला मोटारसायकल लावून उभे असलेले वडील याच हिशेबानं उभे असतात. पोराला आवाज देताना त्यांचं अर्धं लक्ष पंचाकडं असतं. प्रशिक्षकावर त्यांचा दाब, प्रशिक्षकाचा पंचावर. पंचावर शेवटचा दाब कुणाचा, तर त्याच्या स्वतःच्या संघाचा पुढच्या आठवड्यात सामना आहे त्याचा.

मग करायचं काय? मोठ्या खेळांनी यावर काही युक्त्या काढल्या आहेत. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगनं 2019-20 पासून प्रशिक्षकाला अधिकृत आव्हान दिलं. आव्हान द्यायचं तर एक टाइमआउट पणाला लावायचा, दावा फसला की तो गेला. फिबानंही नंतर चित्रफितीची सोय असलेल्या सामन्यांत प्रशिक्षकाला एक आव्हान दिलं. पूर्ण सामन्यात एकच. बरोबर ठरलात तरी दुसरं मिळत नाही. म्हणजे माणूस ते जपून ठेवतो, आणि ते वापरताना त्याला नेमकं सांगावं लागतं की कुठला निर्णय चुकला. 'आमच्यावर अन्याय होतोय' असलं मोघम गाऱ्हाणं तिथं चालत नाही. शिवाय मार्च 2015 पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या निर्णयांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते, त्यात न वाजलेल्या शिट्ट्याही येतात. 2007 मध्ये टिम डोनाही नावाचा त्यांचा पंच सट्टेबाजीत सापडला आणि पुढं तुरुंगात गेला, तेव्हापासून पंचांचा कारभार उघड्यावर आणणं त्यांना भागच पडलं होतं.

आमच्याकडं चित्रफीत नाही, जाळीसुद्धा एकाच रिंगला. पण स्कोअरशीट तर आहे. तिच्यावर तळाशी एक ओळ छापलेली असते, आक्षेप असल्यास कर्णधाराची सही. माझ्या सगळ्या वर्षांत ती ओळ भरलेली मी दोनदा पाहिली. बाकी वेळा लोक भांडले, रुसले, बक्षीस समारंभावर बहिष्कार टाकला. सही कुणी केली नाही, कारण सही केली की ते आपलं म्हणणं होतं, त्याला उत्तर येतं. पंधराएक वर्षांच्या कर्णधाराला ही ओळ दाखवून 'इथं तुझा हक्क आहे' असं सांगणारा प्रशिक्षक मला भेटलेला नाही. मीही तो नव्हतो.

दुसरी गोष्ट खर्चाची आहे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला तरी पंच शेजारच्या जिल्ह्यातून आणावेत, आणि त्यांचं मानधन प्रवासखर्चात संपून जाणार नाही एवढं असावं. परका माणूस विकत आणावा लागतो. आपण तो फुकटात, ओळखीतून मिळवायला बघतो आणि मग तो ओळखीचाच निघाला म्हणून कुरकुरतो. मोसंबीला खरेदीदार परगावचा लागतो, भाव बरा येतो म्हणून; पंच मात्र आपल्याला घरचाच हवा.

तिसरी युक्ती माझ्या स्वतःच्या हातातली होती, आणि ती मी एकदाच करून पाहिली. अकरा नंबरच्या त्या सामन्यानंतर दोन-तीन वर्षांनी तेच सर तसाच चहा घेऊन आले. या वेळी मुलींचा सामना होता. "सर, त्यांची सहा नंबर..." एवढं बोलले असतील. मी म्हटलं, "थांबा सर, मॅडमना बोलावतो, त्यांच्यासमोरच सांगा." आणि खरंच समोरच्या शाळेच्या बाईंना हाक मारली. बाई शिट्टी आणि पाण्याची बाटली सावरत आल्या. सर हसले. म्हणाले, "काही नाही हो मॅडम, म्हटलं चहा घेता का." बाईंनी चहा घेतला नाही. सामना झाला. सहा नंबरला मी तीन फाउल दिले, ते तिनं केले होते म्हणून. निदान त्या दिवशी मला झोप बरी लागली.

संध्याकाळी अंबडची एसटी पकडायला स्टँडवर आलो तर सर तिथं उभेच होते. गाडीला गर्दी. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि मला हात केला. कंडक्टर आला तेव्हा मी पाकीट काढेपर्यंत त्यांनी दोन तिकिटं घेतलीसुद्धा. "राहू द्या हो सर, पुढच्या वेळी तुम्ही काढा," म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत हो म्हणालो. शुक्रवारी माझ्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा सामना होता, आणि शिट्टी त्यांच्याकडं होती.